मोहाच्या दिवसांत विकलेली गाडी

फाल्गुन सरत आला की सकाळच्या वाऱ्यात एक गोडसर, जड वास उतरतो. वर्ध्याच्या आमच्या वस्तीत मोहाचं झाड एकही नाही. पण हिंगणीकडच्या बायका टोपल्यांत फुलं घेऊन बाजाराच्या कडेला बसतात, आणि भाजीला निघालेली मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहते. परवा एक ताजं फूल उचलून तोंडात टाकलं. टोपलीवाली हसली.

"खाता काय आजी? आता तं कोनी तोंडात धरत नाई."

"एक अख्खा महिना याच्या झाडाखाली राह्यली हाय मी."

"कोन्या गावात?"

"गावात नाई, बाई. गाडीत."

म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. तिने ओंजळभर फुलं माझ्या पिशवीत टाकली. घरी येऊन मी ती खिडकीत फडक्यावर पसरली, आणि दुपारपर्यंत सगळं घर त्या वासाने भरून गेलं. किती फाल्गुन आले आणि गेले. पण मोहाचे दिवस म्हटले की मला एकच वर्ष दिसतं. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. माझी थोरली मंदा तेव्हा अडीच महिन्यांची होती, आणि त्या दिवसांत आम्ही गाडी विकली.

आमच्या घरचे सेलूच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. दौलत मिस्त्री म्हणून त्यांना सगळे ओळखत. लढाईच्या काळात ते फौजेत ड्रायव्हर होते. आसामच्याही पलीकडे, डोंगरांतून ट्रक चालवून आलेले. तिकडच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र लग्नानंतर त्यांनी मला सांगितली होती. डोंगराच्या कड्यावरून गाड्यांची रांग चालली होती, आणि खाली दरीत ढग भरून आले होते, पिंजलेल्या कापसासारखे. त्यावर नुकतं ऊन पडत होतं. "मले वाटलं, घडीभर थांबावं अन् पाहावं. पन थांबाचा हुकूम नव्हता. मागची गाडी हॉर्न वाजवून राह्यली होती. तवाच मनात घेतलं, आपल्या मनानं थांबता येईन अशी गाडी आपल्याजवळ पायजे."

दुसरी माणसं जायला म्हणून गाडी घेतात. यांनी थांबायला घेतली.

लढाई संपल्यावर फौजेच्या मोडक्यातोडक्या गाड्या नागपूरला लिलावात निघत. त्यातला एक ट्रक त्यांनी आणला. चारही चाकं ओढणारा, पाठ छातीएवढ्या उंचीवर. मागे नुसता उघडा सांगाडा. जिनाच्या मागच्या पडवीत ठेवून दीड वर्षं ते त्याच्यावर खोली बांधत होते. मोडलेल्या लाकडी पुलाचं सागवान मिळालं, त्याच्या भिंती झाल्या. वर टिनाचं छत, टिनाखाली ऊन अडवायला बोरूच्या चटईचा थर. खिडक्यांना जुन्या मोटारीच्या काचा. भिंतीला दुमडून लावता येईल अशी बाज, पाण्याचा पिंप, आणि मागच्या दाराशी पत्र्याच्या पेटीत बसवलेली चूल. डबे ठेवायच्या फळ्यांना पुढून बोटभर उंचीची पट्टी, गाडी कितीही उसळली तरी डबा खाली येऊ नये म्हणून. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. मोजपट्टी क्वचित वापरत. वीत टाकायची, डोळे बारीक करायचे आणि करवत लावायची.

लोक येऊन पाहत आणि विचारत, "मिस्त्री, हे काय करून राह्यले? गाडी का घर?"

"दोनीबी," हे म्हणत आणि काम करत राहत.

माझं माहेर अल्लीपूरचं. लग्नाच्या दिवशी ही गाडी आमच्या दारापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा अर्धं गाव नवरदेवाला सोडून गाडीभोवती जमलं. यांना आईवडील नव्हते. मामाकडे वाढलेले, आणि हिंगणीच्या कडेला वडिलांची एक मोकळी जागा होती, तिच्यावर झोपडंही नव्हतं. माझ्या बाबांना हे माहीत होतं. सेलूला भाड्याची खोली घेतली असेल असं त्यांनी धरलं होतं. पाठवणीच्या वेळी त्यांनी विचारलं, "जावईबापू, पोरीले उतरवणार कुठी?"

"उतरवाचं कायले, मामाजी? चढवाचं हाय. हे काय घर, तुमच्याच दारात उभं हाय."

आई पदराआड रडत होती, ती रडता रडता थांबली. मी तीन पायऱ्या चढून आत गेले. आत सागवानाचा आणि नव्या रंगाचा वास. खिडकीतून आई दिसत होती, आणि मग आई, बाबा, आमचा गोठा, चिंच, सगळं हळूच मागे सरकू लागलं. घर चालायला लागलं होतं. भीती, लाज, रडू, काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी काच धरून उभी होते आणि माझं तोंड उघडं राहिलं होतं, एवढं आठवतं.

जिन चालू असे तोवर आम्ही जिनाच्या आवारात राहायचो, कापसाच्या गंज्यांच्या शेजारी. होळीच्या सुमाराला कापूस संपायचा, भोंगा थांबायचा आणि फिटरला दोन-अडीच महिने मोकळे मिळायचे. पहिल्या वर्षी भोंगा थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. हिंगणी ओलांडली आणि बोर नदीच्या काठाकाठाने रानात शिरलो. बोरवर तेव्हा धरण नव्हतं. उन्हाळ्यात नदी म्हणजे पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा, मधेमधे निळे डोह. काठावर अर्जुनाची झाडं, माणसाच्या अंगासारख्या गुळगुळीत बुंध्यांची. त्यांच्या मागे पळस असे फुललेले की पहिल्या दिवशी मला वाटलं, रानाला वणवा लागला आहे.

अल्लीपुरात सोळा-सतरा वर्षं मी सकाळी दार उघडलं की समोर तोच गोठा पाहिला होता. इथे रोज उठून खिडकी उघडायची आणि बाहेर आज काय असेल ते माहीत नसायचं. एके सकाळी धुक्यात सांबरांचा कळप. एके सकाळी नुसती वाळू, आणि वाळूवर सापाने काढलेली लांबच लांब वेलांटी. एकदा मी मागचं दार उघडून भाकरी थापायला बसले होते. पीठ हातातच होतं. डोहाच्या पलीकडे पाणी हललं म्हणून वर पाहिलं, तर वाघ पाणी पीत होता. जिभेचा लप्‌लप् आवाज अगदी इथपर्यंत येत होता. त्याने मान वर केली, मला पाहिलं, हनुवटीवरून पाणी निथळू दिलं, आणि पुन्हा प्यायला लागला. मी ओरडले नाही. ओरडायचं असतं हेच आठवलं नाही. तो उठून गेल्यावर मागे पाहिलं, तर हे कधीचे माझ्या पाठीशी उभे होते. त्या दिवशी दिवसभर आम्ही दोघं, देवळातून आल्यावर माणूस जसा हलक्या आवाजात बोलतो तसे बोलत राहिलो.

तिथून जवळच गोंडांची सात-आठ घरांची वस्ती होती. त्या वस्तीतली मैनाबाई माझी मैत्रीण झाली. माझ्याहून दुप्पट वयाची, हातभर गोंदलेली. आसपासची बाळंतपणं तीच करायची. घरच्यांशी गोंडीत बोलायची, माझ्याशी आमच्या बोलीत. तांबडं फुटायच्या आधी ती मला हाक मारायची आणि आम्ही मोहाखाली जायचो. फुलं पडायला लागलेली असायची. टप्. मग थोडं थांबून टप्, टप्. वारा नसायचा, पान हलत नसायचं, आणि तरी सगळ्या झाडाखाली मोत्याएवढ्या फुलांचा सडा वाढत जायचा. मी एकदा फांदी हलवायला हात वर केला, तर तिने माझा हात धरला.

"ते तोडाचं नसते, माय. ते त्याच्या मनानं पडते. आपन खाली असावं, बस."

त्याच वर्षी मी गाडी चालवायला शिकले. हे म्हणाले, "शिकून घे. रानात मले काई झालं तं तू का पायदळ जाशीन?" नदीच्या कोरड्या वाळूत त्यांनी मला चाकासमोर बसवलं. लुगड्याचा ओचा खोवून, पाठीमागे गोधडीची वळकटी लावून, तेव्हा कुठे माझे पाय खाली पोचले. दोन दांडे होते. एक नेहमीच्या गेरचा, दुसरा पुढची चाकं जोडायचा. पहिले तीन दिवस मी गाडी नुसती वाळूत रुतवली. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलेल्या क्षणी दुसरा दांडा ओढला. खाली कुठेतरी लोखंडात लोखंड बसल्याचा आवाज झाला, आणि चारही चाकांनी एकदम जमीन धरली. ते मला बुडाखाली, पाठीत, दातांत कळलं. एवढा मोठा जीव माझ्या दोन हातांचं ऐकून वाळूतून वर येत होता. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. वस्तीतल्या बाया काठावर रांगेने उभ्या राहून पाहत होत्या, आणि मैनाबाई सगळ्यांना काहीतरी सांगत होती. नंतर कळलं, ती म्हणत होती, "मी म्हटलंच होतं, हिच्या हातात बळ हाय."

पुढच्या पौषात अल्लीपूरला मंदा झाली. फाल्गुनात जिन थांबलं आणि हे आम्हाला न्यायला आले. आईने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. जन्मभर लोखंड आणि लाकूड धरलेले ते हात. त्यांना तिला कसं धरावं तेच कळेना. मग त्यांनी तिला मांडीवर निजवलं आणि सवयीप्रमाणे वीत टाकली. टाचेपासून डोक्यापर्यंत. अडीच विती आणि दोन बोटं. पुन्हा एकदा मोजलं. "एवढीशीच?" ते म्हणाले. "अन् सारं हाय की हिच्यात. नखंबी हायेत."

त्या दिवसापासून ते तिच्याकडे असे बघत, जसे ढगांनी भरलेल्या त्या दरीकडे त्यांनी बघितलं असेल. फक्त आता मागे हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.

आम्ही पुन्हा रानात गेलो. जायचंच होतं, दुसरं काही आमच्या डोक्यातच नव्हतं. हिंगणीच्या अंगाने नदीत उतरलो, वाळू तुडवत पलीकडे पोचलो. वस्तीकडे जायला पलीकडच्या काठाचा चढ चढावा लागे. मागच्या वर्षी त्या चढावर आम्ही दहा वेळा तरी गेलो असू. मी मागे खोलीत होते. आईने दिलेल्या जुन्या लुगड्याची झोळी छताच्या आकड्याला बांधून मंदाला त्यात निजवलं होतं.

अर्ध्या चढावर गेर सटकला. आधी एकदम शांत झालं. मग गाडी मागे यायला लागली. मी भिंत धरायला गेले आणि बाजेवर आपटले. पाण्याचा पिंप उखडून दारावर आदळला. चुलीची पेटी, जातं, पिठाचा डबा, मीठ-मिरची, सगळं एकमेकांवर कोसळलं. मागचं चाक अर्जुनाच्या एका जाड मुळीला जाऊन भिडलं आणि गाडी थांबली.

हे धावत आले. दार पिंपाने अडलं होतं, ते त्यांनी खांद्याने ढकललं. आत गुडघाभर पसारा, पाण्यात कालवलेलं पीठ, आणि त्या सगळ्याच्या वर मंदाची झोळी इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होती. मी उठून आत डोकावले. ती झोपली होती. नुसती झोपली नव्हती, झोपेत हसत होती. तिच्या लेखी कुणीतरी जरा मोठा झोका दिला होता, एवढंच.

माझ्या अंगावर काटा आला. त्या एका क्षणाएवढं देवाच्या जवळ मी कुठल्याही देवळात गेले नाही. मी हात जोडले आणि यांच्याकडे पाहिलं. ते दारातच, त्या ओल्या पिठात खाली बसले होते. दोन्ही तळवे समोर धरून त्यांच्याकडे पाहत होते. हात थरथरत होते.

गाडी त्यांनी तशीच हळूहळू मागे घेऊन वाळूत उभी केली. गेरची एक खिट्टी झिजली होती; ती त्यांनी दुसऱ्या दिवशी नवी करून बसवली. गाडी बरी झाली. हात बरे झाले नाहीत. रोज सकाळी ते इंजिन सुरू करायचे, चाकासमोर बसायचे, चढाकडे बघायचे आणि इंजिन बंद करून खाली उतरायचे. आसामच्या कड्यांवरून बंदुकांच्या आवाजात गाडी चालवलेला माणूस. पाचव्या दिवशी मी मोहफुलं वाळत घालत असताना ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गाडी विकू आपन."

मला वाटलं, थट्टा करत आहेत.

"काऊन? पोरगीले काई झालं काय? एक ओरखडा तरी उठला काय?"

"नाई उठला."

"गेर दुरुस्त झाला ना?"

"झाला."

"मंग?"

"मंग काई नाई. विकू. हिंगणीच्या जाग्यावर काई तरी उभं करू."

मी भांडले. जन्मात त्यांच्याशी तेवढी कधी भांडले नव्हते. म्हटलं, तुम्ही आणली तेव्हा मला विचारलं नव्हतं, ठीक; तेव्हा मी नव्हते. आता मी आहे. हे माझं घर आहे. या घराला मी रोज नवं अंगण लावलं आहे. तुमचा हात थरथरतो तर मी चालवते. ते ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "तुले सांगता नाई येत मले." आणि खरंच त्यांना सांगता आलं नाही. मी मनात म्हटलं, माणूस भ्याला. भ्याला म्हणून माझं घर विकतो आहे. हा राग मी गिळला, पण पोटात ठेवला.

जवळच सागाची तोड चालली होती. तिथला ठेकेदार आठवड्याने गाडी बघायला आला. जाडजूड, मनाने वाईट नव्हता. चाकं पाहिली, खाली वाकून दांडे पाहिले. खोलीवर हात आपटून म्हणाला, "हा डबा मले नोको. मले लाकडं आनाची हायेत. डबा काढून घ्या तुमचा. अन् या चढावर चढली तं माझी, नाई तं राम राम."

यांनी हँडल मारून इंजिन सुरू केलं. मग दार उघडून माझ्याकडे पाहिलं. "बस," ते म्हणाले.

ठेकेदार म्हणाला, "बाई चालवन?"

"शेठ, तुमाले गाडी पाहाची हाय का चालवणारा?"

मी मंदाला मैनाबाईच्या मांडीवर दिलं. ओचा खोवला, वर चढले, पाठीशी वळकटी लावली. वस्तीतली सगळी माणसं येऊन उभी होती. पहिला गेर, मग दुसरा दांडा. ते लोखंडात लोखंड बसल्याचं कळलं आणि गाडीने तोंड वर केलं.

अर्धा चढ गेला. ती अर्जुनाची मुळी बाजूला आली. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, आता पाय सोडला तर? इंजिन बंद पडेल. गाडी हळूच मागे जाईल, ब्रेक लावता येईल, कुणाला काही होणार नाही. ठेकेदार राम राम करून जाईल, गाडी आमची राहील. कुणाला कळणारही नाही. माझा पाय खरंच हलका झाला. इंजिनाचा आवाज बदलला.

तेवढ्यात शेजारच्या आरशात मला हे दिसले. चढाच्या पायथ्याशी एकटेच उभे होते. दोन्ही हात पुढे, हवेतच चाक धरल्यासारखे. उजवा पाय जमिनीत दाबत होते, जसं काही तिथून त्यांचं बळ गाडीला पोचणार होतं. ओठ हलत होते. दीड वर्षं खपून त्यांनी जे केलं होतं, ते चढेल याबद्दल त्यांना खात्री होती; आणि ते चढू नये असं मला वाटत होतं. मी त्यांच्यावर रागावू शकत होते. त्यांच्या कामाला खोटं पाडू शकत नव्हते.

मी पाय दाबला. दगड उडाले, समोर नुसतं आभाळ दिसत होतं, पळसाची एक लाल फांदी काचेवर घासून गेली. मग आभाळ खाली झुकलं आणि समोर रान आलं. मी वर होते. खाली लोकांनी हाळी दिली. ठेकेदार धापा टाकत वर आला, माझ्याकडे पाहून त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाला, "सौदा पक्का." मी चांगली चालवली म्हणून गाडी गेली.

आता राहिली खोली. हिंगणीच्या मोकळ्या जागेत गाडी आणून उभी केली आणि यांनी बोल्ट काढले. पण सागवानाची अख्खी खोली छातीएवढ्या उंचीवरून उतरवायची कशी? गावातले लोक म्हणाले, फळ्या सोडवा आणि पुन्हा ठोका. हे नाही म्हणाले. त्यांनी दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या चवडी रचल्या, गाडीच्या उंचीएवढ्या. खोलीखालून आडव्या लांब बल्ल्या घातल्या. मैनाबाईच्या वस्तीवरून पंचवीस-तीस माणसं कुणी न बोलावता आली. हिंगणीचेही आले. सगळ्यांनी बल्ल्यांना खांदे दिले. हे बोलले ते फक्त एक शब्द, "हं."

आणि घर उचललं गेलं. बोटभरच. खालून ठेकेदाराच्या ड्रायव्हरने गाडी हळूच पुढे काढली. चाकं सरकत गेली, सांगाडा सरकत गेला, आणि आमची खोली, खिडक्या-दारासकट, फळ्यांवरच्या डब्यांच्या पट्ट्यांसकट, माणसांच्या खांद्यांवर तशीच हवेत राहिली. खालून पलीकडचं शेत दिसत होतं. कुणी श्वास सोडत नव्हतं. मग ती चवडींवर टेकली. एक ओंडका काढायचा, "हं", खोली वीतभर खाली. पुन्हा ओंडका, पुन्हा "हं". सकाळी सुरू केलं ते दुपार कलेपर्यंत चाललं. वस्तीतला एक म्हातारा माझ्या शेजारी बसून सगळं पाहत होता. तो गोंडीत काहीतरी पुटपुटला. मी मैनाबाईला विचारलं, काय म्हणतो?

"म्हनते, घर रोपलं."

मोकळा सांगाडा धूळ उडवत सेलूच्या वाटेने निघून गेला. पाठ उघडी पडलेली ती गाडी मला ओळखूच येईना. हे मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग वळून त्यांनी दाराच्या तीन पायऱ्यांखाली एक चपटा दगड बसवला आणि पाय देऊन पाहिला.

त्या खोलीत आम्ही पुढे अकरा वर्षं राहिलो. दोन्ही बाजूंनी मातीच्या भिंती वाढल्या, पुढे पडवी आली, मंदाच्या पाठीवर आणखी दोघं झाली. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं लोटली, आणि मंदाच आजी झाली. पण मला तो पहिला दिवस सोडत नाही. सांज होत होती. माणसं गेली होती. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो, मंदा आत झोपली होती. माझा राग अजून पोटात होता. मग ते म्हणाले, "त्या चढावर तुले भेव नाई वाटलं?"

"नाई."

"काईच नाई?"

मी काही विचार न करता बोलून गेले, "भेव कायचं? पोरगी खाली होती ना, मैनाबाईजवळ."

बोलले आणि ते शब्द माझ्याच कानांवर पडले. मी यांच्याकडे पाहिलं. ते समोर, रस्त्यावर राहिलेल्या चाकांच्या खुणांकडे बघत होते.

"मंग," ते हळूच म्हणाले, "मी तरी दुसरं काय सांगून राह्यलो होतो तुले?"

आत मंदा कुरकुरली. आम्ही दोघंही एकदमच उठलो.